सातबाऱ्यावर बाईचे नाव

दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर जयसिंगपूरच्या विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते. शेतकरी संघटनेतून २००४ मध्ये वेगळ्या झालेल्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने या परिषदेला महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली. उसाची पहिली उचल किती, मागील हंगामाचे राहिलेले पैसे कधी, काटा बरोबर आहे की नाही, याचा जाहीर हिशेब येथे मांडला जातो आणि कोल्हापूर-सांगली पट्ट्यातील कारखानदारीला त्याची दखल घ्यावी लागते. हे पैसे अखेर जमा होतात ते कोणाच्या खात्यावर, हा प्रश्न मात्र परिषदेच्या विषयपत्रिकेवर सहसा नसतो. सातबारा ज्याच्या नावावर, त्याच्याच नावावर कारखान्याकडील उसाची नोंद. नोंद ज्याची, बिल त्याचे. सेवा सोसायटीचे पीककर्जही त्याच उताऱ्यावर मिळते.

शिरोळ तालुक्याच्या काळ्या रानात उसाची लागण, भांगलण, खत टाकणे, खोडव्यातील पाचट सारणे, तोडणीच्या वेळी जनावरांसाठी वाडे गोळा करणे ही कामे मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हातून होतात. देशपातळीवर चित्र निराळे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ६५ टक्के स्त्रिया शेतकरी किंवा शेतमजूर होत्या. २०१५-१६ च्या कृषिगणनेत मात्र वहितीदार म्हणून स्त्रीची नोंद असलेल्या खात्यांचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास आणि त्या खात्यांखालील क्षेत्र त्याहूनही कमी, १२ टक्क्यांच्या आत होते. या दोन आकड्यांमधील दरी कायद्याने निर्माण केली, असे आता म्हणता येत नाही. कायदा बराच पुढे आला आहे. अडथळा आहे तो गावच्या दप्तरात, आणि दप्तराच्या अलीकडे असलेल्या उंबरठ्यात.

शाहूंच्या पेठेत

जयसिंगपूर हे जुने गाव नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसविली. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, मिरज-कोल्हापूर लोहमार्गाचा शेजार आणि आजूबाजूला कृष्णा-पंचगंगेचे सुपीक खोरे, अशी तिची मांडणी. त्याच वर्षी करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. पुढे १९२० मध्ये देवदासी व जोगतिणींसंबंधी कायदा करून, देवाला वाहिल्यामुळे मुलीचा जन्मघरच्या मालमत्तेवरील वारसाहक्क नष्ट होत नाही, हे संस्थानाने मान्य केले. सौंदत्तीच्या यल्लमाचा मोठा भक्तवर्ग असलेल्या या सीमाभागात त्या तरतुदीचा अर्थ फार मोठा होता. मुलगी देवाला सोडली की घरच्या जमिनीतील तिचा वाटा आपोआप भावांकडे राहतो, या व्यवहाराला हा कायदा आडवा येत होता. स्वतंत्र भारतात हिंदू वारसा कायदा येण्यास तेव्हा ३६ वर्षे अवकाश होता.

चोविसातील एक की सात?

जयसिंगपुराहून काही मैलांवर असलेल्या सांगलीच्या दिवाणी न्यायालयात साठच्या दशकात एक दावा चालला. 'गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम' या नावाने तो आज देशभरातील विधी महाविद्यालयांत शिकविला जातो. कुटुंबप्रमुख १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली. घरे, जमीन, दुकाने अशी एकत्र कुटुंबाची मालमत्ता. हिराबाईंनी त्यात २४ पैकी ७ हिस्से मागितले.

हा अपूर्णांक कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलोपार्जित मालमत्तेतील सहदायाद, म्हणजे जन्मतः हिस्सेदार, फक्त पुरुषच ठेवले होते. पुरुष वारला की मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे मानायचे, त्याच्या वाट्याला आलेला हिस्सा बाजूला काढायचा आणि तेवढाच सर्व वारसांत सारखा वाटायचा, अशी ही रीत. मुंबई इलाख्यातील परंपरेनुसार बाप-मुलांत वाटणी झाली तर आईलाही मुलाइतका वाटा मिळतो. म्हणजे बाप, आई आणि दोन मुलगे असे चार समान भाग. बापाचा चौथा हिस्सा सहा वारसांत वाटला की प्रत्येकाला चोविसावा भाग. हिराबाईंचे म्हणणे असे, की मानीव वाटणीतील माझा चौथा हिस्सा (२४ पैकी ६) आणि वारस म्हणून मिळणारा एक असे सात हिस्से मला द्या. कनिष्ठ न्यायालयाने एकच दिला. वाटणी प्रत्यक्ष झालेलीच नाही, ती केवळ हिशेबापुरती मानायची, असा त्यामागचा विचार होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरविला आणि एप्रिल १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालपत्राने सर्वोच्च न्यायालयात हिराबाईंचे सात हिस्से कायम झाले. कायद्याने वाटणी झाली असे मानायला सांगितले, तर तिचे सर्व परिणामही मानले पाहिजेत, हे त्या निकालाचे सार.

समजा, अशा कुटुंबाकडे २४ एकर रान आहे. हिराबाईंच्या निकालानुसार आईला ७ एकर, मुलग्यांना प्रत्येकी ७ एकर आणि मुलींना प्रत्येकी १ एकर. आईचा प्रश्न सुटला, मुलींचा तसाच राहिला. त्यांना बापाच्या हिश्श्यातील तुकडा मिळतो. भावांचा जन्मतः असलेला वाटा त्यांच्या आवाक्याबाहेर राहतो.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मतः हिस्सेदार केले. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू यांनी ते आधीच केले होते, कर्नाटकाने त्याच वर्षी केले. मात्र महाराष्ट्राच्या सुधारणेत एक मोठी फट होती. त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ज्या गावात मुलीचे लग्न अठरा-वीस वर्षांच्या आत उरकले जाई, तेथे १९९४ मध्ये पंचविशी ओलांडलेल्या जवळजवळ सर्व लेकी या फटीतून बाहेर पडल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची अट काढली. त्याच दुरुस्तीने १९५६ च्या कायद्यातील आणखी एक अपवाद रद्द केला. कुळकायदा, कमाल जमीनधारणा आणि तुकडेबंदीच्या कायद्यांतील वारसाविषयक तरतुदींना त्या अपवादाचे संरक्षण होते, आणि शेतजमीन अनेक ठिकाणी समान वारशाच्या बाहेर राहण्याचे ते एक कारण होते. शहरी वाचकाला हा तपशील किरकोळ वाटेल. शेतजमिनीपुरता तो दुरुस्तीचा गाभा आहे.

यानंतरही पंधरा वर्षे वाद चालला तो 'वडील त्या तारखेला हयात हवेत का' या मुद्द्यावर. २०१५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने होय म्हटले, २०१८ मध्ये दुसऱ्या पीठाने वडील आधीच वारलेले असतानाही मुलींना वाटा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाद मिटविला : हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे वडील केव्हा वारले याला महत्त्व नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व विक्री मात्र उकरून काढता येत नाहीत. तोंडी वाटणी झाली होती, हा भावांचा हुकमी बचावही न्यायालयाने सहजासहजी मान्य करू नये, असे ठरले.

आता तेच कुटुंब आजच्या कायद्याच्या चौकटीत मांडले, तर २४ एकरांचे सहा सारखे भाग होतात. आई, दोन मुलगे, तीन मुली, प्रत्येकी ४ एकर. मुलीचा वाटा एका एकरावरून चारांवर गेला. भावांचा सातावरून चारांवर आला, याची चर्चा गावोगाव होते. आईचाही सातावरून चारांवर आला, याची होत नाही. लेकीला मिळालेल्या वाढीचा काही भाग विधवा आईच्या पदरातून गेला आहे, आणि म्हातारपणी ती ज्या मुलाच्या घरी राहते त्याच्याशी तिचा व्यवहार या तीन एकरांनी बदलतो.

शिरोळ तालुक्यात मोठ्या संख्येने असलेल्या जैन आणि लिंगायत कुटुंबांना हाच कायदा लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत वारसा वेगळ्या नियमाने ठरतो. तेथे मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, पण विधवेचा व मुलीचा वाटा पूर्वापार निश्चित आहे.

लक्ष्मीचे देणे

वारसाहक्काची ही वाट मृत्यूतून जाते. कोणीतरी वारल्याशिवाय बाईचे नाव लागत नाही. हयातीतच, आणि माहेरच्या नव्हे तर नांदत्या घरच्या जमिनीत तिचे नाव लावण्याची मोठी चळवळ महाराष्ट्रात झाली ती शेतकरी संघटनेची. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे जे अधिवेशन भरले, त्यातून शेतकरी महिला आघाडी उभी राहिली. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. घामाला दाम मागणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या घरातील लक्ष्मीच्या घामाचे देणे आधी फेडावे, असा त्याचा युक्तिवाद होता. ज्या गावात शंभर कुटुंबे घरच्या जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करतील, ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. शेकडो गावांत हा कार्यक्रम पोहोचला. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे त्यातील सर्वाधिक अभ्यासले गेलेले गाव. तेथे शंभराहून अधिक कुटुंबांनी बायकांना जमिनी दिल्या आणि त्यांवर 'सीता शेती'चे प्रयोग झाले. कोर्टकचेरी न करता, नवऱ्यांच्या हातून आणि जाहीर समारंभाने जमीन हस्तांतरित झाल्याची अशी उदाहरणे देशात मोजकी आहेत.

शासनाने १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाने याच नावाची योजना काढली. पतीने स्वेच्छेने अर्ज दिल्यास त्याच्या हयातीत पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावता येते. अर्ज पतीनेच करावयाचा असल्याने पत्नीला ते मागण्याचा अधिकार नाही, ही या योजनेची मर्यादा. आणि पती राजी असेल तर खर्च व खटाटोप जवळजवळ नाही, हे तिचे बळ. तीन दशके उलटून गेली तरी अनेक गावांत या परिपत्रकाची खबर नाही. बक्षीसपत्राचा मार्गही आहे. पत्नी, मुले वा नातवंडांना शेतजमीन बक्षीस दिल्यास २०१५ पासून मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. पण बक्षीसपत्र नोंदणीकृत हवे. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर 'ही जमीन हिची' असे लिहून दिल्याने मालकी जात नाही, मग ते गावसभेत टाळ्यांच्या गजरात लिहिलेले का असेना. संघटनांच्या उत्साहात हा फरक पुष्कळदा निसटतो.

घराच्या बाबतीत राज्याने अधिक धीटपणा दाखविला. २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत पती-पत्नी दोघांची नावे लावण्याचा आदेश निघाला. २०२१ पासून स्त्रीच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. शेतजमिनीच्या खरेदीला ती लागू नाही.

कोणत्या रकान्यात?

कायद्याने वाटा मिळाला, आता प्रश्न नोंदीचा. गाव नमुना सातवर दोन जागा महत्त्वाच्या असतात. एक भोगवटादाराची किंवा कब्जेदाराची, दुसरी 'इतर हक्का'ची. पहिल्या जागी मालकाचे नाव. दुसऱ्या जागी सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा, वाटेचा हक्क अशा गोष्टी. महाराष्ट्रात कित्येक दशके अशी पद्धत होती, की बाप वारल्यावर मुलग्यांची नावे कब्जेदार सदरी लावायची आणि विधवा व मुलींची 'इतर हक्कात'. कायद्याला या भेदाचा आधार नव्हता. वारस म्हणून सर्व सारखेच. पण तलाठ्याने एकदा तसे लिहिले, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केले, की बहिणीचे नाव बँकेच्या बोजाशेजारी जाऊन बसे. भाऊ कर्ज काढी, पीक नोंदवी, जमीन विकायला काढी; बहिणीची सही कोणी मागत नसे.

दुसरी जुनी नोंद 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचे नाव तेवढे लावायचे आणि बाकी सर्व त्या तीन अक्षरांत गुंडाळायचे. धाकट्या भावांनाही या नोंदीचा त्रास झालेला आहे, म्हणून ती अलीकडे उतरविली जात आहे. मात्र ती उतरविताना कोणाकोणाची नावे चढतात, हे पाहिले पाहिजे. भावांची नावे चढली आणि बहिणींची राहिली, असे होऊ शकते. अर्जासोबतच्या वंशावळीत मुलींना वगळणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग, आणि ते शपथपत्रावर खोटे बोलणे आहे हे लिहून देणाऱ्याच्या गावीही नसते.

२०२५ मध्ये राज्यात 'जिवंत सातबारा' मोहीम राबविली गेली. बुलढाण्यात सुरू झालेला हा उपक्रम पुढे सर्व जिल्ह्यांत नेला गेला. मयत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावणे हा तिचा हेतू. लेकींच्या दृष्टीने अशी मोहीम ही मोठी संधी असते आणि तितकाच मोठा धोकाही. वर्षानुवर्षे मृत आजोबांच्या नावे पडून असलेले खाते उघडते, तेव्हा त्यावर नाव चढविण्याची घडी तीच असते. फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस काढून हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत दिली जाते. शिरोळ तालुक्यातील लेक चिकोडी किंवा अथणीला दिलेली असेल, तर चावडीवर लागलेली नोटीस तिला दिसण्याचा संभव नाही. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त म्हणून चालते, आली नाही तर नोंद प्रमाणित होते. अर्थात फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. नाव राहिले म्हणून हक्क बुडत नाही. पण चुकलेली नोंद वेळेत दुरुस्त करून घेणे आणि वीस वर्षांनी दिवाणी दावा लावणे यांत बाईच्या उरलेल्या आयुष्याचा फरक असतो.

हक्कसोडपत्राची सही

बहुसंख्य प्रकरणे कोर्टापर्यंत जातच नाहीत. बाप वारल्यावर दिवसकार्य होते, पाहुणे पांगतात आणि काही दिवसांत बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जाते. तेथे हक्कसोडपत्र होते. मोबदला काही नाही. चोळी-बांगडी आणि माहेरची वाट खुली राहील याचा शब्द. भावाबहिणींत हा विषय उघडपणे बोलला जात नाही, पण भाऊबीजेचे ताट आणि जमिनीचा वाटा एकाच तराजूत घातलेले असतात, हे दोघांनाही ठाऊक असते. सही न करणारी बहीण 'कोर्टात ओढणारी' ठरते. सही करणारी चांगली.

बहिणीच्या बाजूने पाहिले तर तिचा निर्णय भोळेपणाचा नसतो. सासरी काही बिनसले, नवऱ्याने टाकले, तर परत यायला माहेराशिवाय दुसरी जागा नाही. भावाशी वैर म्हणजे तो एकमेव आसरा गमावणे. म्हणजे जमीन नसल्यामुळे माहेर लागते आणि माहेर टिकावे म्हणून जमीन सोडावी लागते. बीना अगरवाल यांनी प्रदीप पांडा यांच्यासमवेत केरळात केलेल्या पाहणीत जमीन वा घर यांपैकी काहीच नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांना नवऱ्याकडून मारहाण सोसावी लागली होती. जमीन आणि घर दोन्ही असणाऱ्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. जाण्यासाठी जागा आहे, एवढ्यानेच घरातील वागणूक बदलते.

भावांच्या बाजूनेही एक खरे म्हणणे आहे. हुंडा, लग्न, बाळंतपणे, बहिणीच्या मुलांची बारशी यांत घराने खर्च केलेला असतो, कधी त्यासाठी जमीन गहाण पडलेली असते. शिवाय दोन एकरांचे चार तुकडे झाले तर कोणाचेच पोट भरणार नाही. तुकड्यांचा युक्तिवाद मात्र दोन भावांच्या वाटणीत कोणी काढत नाही, तो बहिणीच्या वेळीच आठवतो. आणि हुंडा कायद्याने गुन्हा आहे, त्याची वजावट वाट्यातून मागता येत नाही.

नोंदणीकृत हक्कसोडपत्र झाले की परतीची वाट अरुंद होते. फसवून किंवा दडपणाने सही घेतली, हे दिवाणी न्यायालयात मुदतीत सिद्ध करावे लागते. एखादी बहीण सही देणार नाही असा अंदाज आला, तर आता वडील हयातीतच मृत्युपत्र करून आपला हिस्सा मुलांच्या नावे लिहून देतात. कायदा त्यांना ती मुभा देतो. मात्र मृत्युपत्राने जाते ती केवळ वडिलांच्या हिश्श्याची जमीन. वडिलोपार्जित रानातील मुलीचा स्वतःचा जन्मतः वाटा वडिलांना लिहून देता येत नाही. वकिलांना हे माहीत असते, चावडीवर सहसा कोणी सांगत नाही.

पूर आणि पंचनामा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी शिरोळ तालुक्यात शिरले. २००५ चा अनुभव होता, २०२१ मध्ये पुन्हा आला. पाणी उतरल्यावर काळा पडलेला ऊस आणि वाहून गेलेली माती यांचे पंचनामे होतात, आणि शेतीची भरपाई सातबाऱ्यावरील नावाने येते. पती वारलेला, खाते सासऱ्याच्या नावे, रान प्रत्यक्ष सुनेने कसलेले, अशा घरात भरपाईसाठी तिला दिरांच्या संमतीची वाट पाहावी लागते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपयेही जमीनधारक कुटुंबालाच मिळतात, आणि तेथे जमीन नावावर असण्याची तारीख १ फेब्रुवारी २०१९ ठरविलेली आहे.

याच प्रश्नाचे सर्वांत उग्र रूप विदर्भ-मराठवाड्यात दिसले. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे 'मकाम', या संघटनेने २०१८ मध्ये तेथील ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ विधवांची पाहणी केली. त्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. घरावर हक्क मिळालेल्या जेमतेम ३५ टक्के होत्या. या पाहणीनंतर जून २०१९ मध्ये अशा स्त्रियांसाठी शासनाने स्वतंत्र निर्णय काढला. कोल्हापूर जिल्हा त्या पट्ट्यात मोडत नाही, येथे पाणी आहे, कारखाने आहेत, उसाला हमखास गिऱ्हाईक आहे. पण विधवेचे नाव लावण्याची प्रक्रिया नांदेडला आणि शिरोळला एकच आहे, आणि दिरांचे हिशेबही फारसे वेगळे नाहीत.

शेतकरी कोण, हे सातबाऱ्याने नव्हे तर कामाने ठरावे, असा प्रयत्न झालेला आहे. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने शेतकरी या शब्दाची व्याख्या व्यापक केली. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी महिला शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक २०१२ मध्ये राज्यसभेत मांडले, ते पुढे व्यपगत झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले.

नावानंतर ताबा

ज्या घरांत बहिणींची नावे कब्जेदार सदरी रीतसर लागली, तेथेही गोष्ट पुरी होत नाही. खाते सामाईक राहते. प्रत्यक्ष वाटप व्हायचे तर सर्वांच्या संमतीने तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज, नाहीतर दिवाणी दावा. मग मोजणी, हद्दी, वाट, आणि या भागात सर्वांत अवघड म्हणजे पाणी. पाणी पुरवठा संस्थेचे सभासदत्व, विहिरीतील वार, मोटारीचे कनेक्शन भावाच्या नावे असेल, तर बहिणीला मिळालेले एकरभर रान पावसाच्या भरवशावर राहते, आणि ऊस पावसाच्या भरवशावर येत नाही. म्हणून अनेक बहिणी ताबा मागतच नाहीत. भाऊ कसतो, वर्षाकाठी खंड म्हणून काही रक्कम देतो किंवा देतही नाही. रस्त्यासाठी भूसंपादन निघाले, किंवा जयसिंगपूर-शिरोळ रस्त्यालगत प्लॉट पाडायचे ठरले, की सहीसाठी बहिणीचा शोध सुरू होतो. नाव लागल्याचा पहिला रोख उपयोग तिला तेव्हा कळतो. काही घरांत याच वेळी तिला वाट्याचे पैसे मिळतात, काहींत पुन्हा हक्कसोडपत्र पुढे येते.

ऊस दरम्यान भावाच्या नोंदीवर कारखान्याला जात राहतो. दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर मिळते. भाऊबीजेला आलेल्या बहिणीच्या पिशवीत त्यातील काही किलो घातली जाते. सभासदाच्या कार्डावर नाव भावाचेच असते.